जोसेफीनची चकती

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले आणि एकसष्टाव्या वर्षी पुन्हा शाळेत रुजू झाले. फरक एवढाच, की पहिली शाळा जिल्हा परिषदेची होती आणि दुसरी १८९४ सालची. पहिल्या शाळेचं गळकं छप्पर बदलून द्या म्हणून मी एकोणीस वर्षं अर्ज केले. दुसऱ्या शाळेच्या छपराचं एक फळकूट बदलायचं तरी ते जुन्यासारखंच दिसायला हवं, म्हणून कमिटीच्या तीन-तीन बैठका होत. जुनाट शाळेला अमेरिकेत केवढा मान असतो! आमच्या वाडीला हे आधी कळलं असतं तर आम्ही छप्पर गळतंय म्हणून मिरवलं असतं.

नोकरी मानद होती, पण पोशाख सरकारी नोकरीपेक्षा कडक. घोट्यापर्यंत काळा झगा, गळ्याशी आवळलेला पांढरा ब्लाउज, अंबाडा आणि छातीवर साखळीचं घड्याळ. आरशात पाहिलं तेव्हा वाटलं, जन्मभर ज्या बाईला मी घाबरत आले ती हीच.

ही नोकरी मला लागली ती आगाऊपणामुळे. हे गेल्यावर २००२ साली मी मेधाकडे, माझ्या एकुलत्या एका मुलीकडे, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला राहायला आले. मेधा आणि जावई अभय दोघं कामावर, नात इरा शाळेत, आणि मी खिडकीत. दोन वर्षं मी त्या खिडकीतून एक मेपल पाहिला. २००४च्या पानगळीत अभय आम्हाला सफरचंदं तोडायला एका टेकडीवरच्या गावी घेऊन गेला. तिथे रस्त्याच्या कडेला ही शाळा. पांढऱ्या फळ्यांची एकच खोली, वर घंटा, पुढे दोन दारं, एक मुलग्यांचं आणि एक मुलींचं. आत एक म्हातारी बाई पाहुण्यांना सांगत होती, "या एका खोलीत एकच शिक्षिका एकाच वेळी सगळे वर्ग शिकवायची. आज आपल्याला त्याची कल्पनाही करता येणार नाही."

मी मागून म्हटलं, "मला येते. मी एकोणीस वर्षं केलंय."

अभयने जमिनीकडे पाहिलं. ती म्हातारी मात्र काठी टेकत माझ्याकडे आली आणि तिने माझा हात धरला तो सोडेचना. ही डॉरथी. वय सत्त्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. अकरा वर्षं ती त्या शाळेत शिक्षिकेचा वेष घालून उभी राहत होती आणि वारस शोधत होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ अडखळायची, म्हणून मनातल्या मनात मी तिला डॉरथीबाई म्हणे.

आता काम काय होतं ते सांगते. आसपासच्या शाळांतले चौथीचे वर्ग एकेका दिवसासाठी तिथे यायचे. शाळेत आता शेगडी पेटवत नसत, म्हणून वसंतात आणि पानगळीच्या सुरुवातीला, एवढंच. साडेनऊला बस यायची. मुलं घरूनच जुने कपडे घालून यायची. डबा फडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात; प्लास्टिक दिसलं की जप्त. मी घंटा द्यायची. मुलांनी रांगेने यायचं, मुलग्यांनी मान लववायची, मुलींनी गुडघे, आणि टोपीतून एकेक कार्ड उचलायचं. कार्डावर शाळेच्या जुन्या हजेरीतलं एक खरं नाव. दोन वाजता बस परत येईपर्यंत तुमचं नाव ते. मग नखांची तपासणी, पाटीवरचं गणित, घोकंपट्टी, मधल्या सुट्टीत गोट्या आणि दोरीच्या उड्या.

डॉरथीला आणि तिच्या आधीच्या बायांना हे सगळं पुस्तकातून माहीत होतं. मला हाताने माहीत होतं. चार इयत्ता एका खोलीत शिकवायच्या म्हणजे एकीला तोंडी, दुसरीला लेखी, तिसरीला पाठांतर, आणि चौथीतल्या चुणचुणीत पोरीला पहिलीच्या पोरांवर सोडायचं. कान एका इयत्तेकडे, डोळा दुसरीकडे, आणि पाठ कुणाकडेही नाही. मी हे करून दाखवलं तेव्हा डॉरथी मागच्या बाकावर बसून टिपणं घेत होती. माझ्या नोकरीत एकाही शिक्षणाधिकाऱ्याने टिपण घेतलं नव्हतं. चहा घेतला होता.

नियम मात्र २००५चे. छडी टेबलावर आपटायची, मुलांच्या आसपास फिरकवायची नाही. पाण्याच्या बादलीतलं ओगराळं नुसतं दाखवायला. प्यायला कागदी पेले, ते फळीमागे लपवलेले. डब्यात शेंगदाणे नाहीत ना हे आधी पाहायचं, काही मुलांना ते बाधतात म्हणून. पाटी ओल्या फडक्याने पुसायची. इथे मी चुकले. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना शिकवलं, की पाटीवर थुंकायचं, बाहीने पुसायचं आणि पाटी हवेत हलवत वाळवायची. वीस मुलं मन लावून थुंकली. इतका आनंद मी अमेरिकेत पुन्हा पाहिला नाही. दोन दिवसांनी एका आईचं दोन पानी पत्र आलं. डॉरथी म्हणाली, "हे पूर्णपणे ऐतिहासिक आहे, पण पुन्हा करू नको."

एका मुलाने विचारलं होतं, "मॅम, तुम्ही १८९४ मध्ये होता का?"

मी म्हटलं, "होते. आणि तेव्हापासून एक दिवस रजा घेतलेली नाही."

त्याने मान डोलावली. त्याला ते पटलं.

मुलांना सर्वांत काय आवडायचं, तर शिक्षा. कोपऱ्यात उभं राहायला, ढ मुलाची उंच टोपी घालायला रांग लागायची. मी डॉरथीला म्हटलं, "आमच्याकडे शिक्षेसाठी हट्ट करणारं मूल मी पाहिलं नाही." ती म्हणाली, "दोन वाजता बस येणार हे त्यांना ठाऊक असतं ना!" हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

शिक्षेतली मानाची शिक्षा म्हणजे चकती. बशीएवढी लाकडी चकती, मध्ये भोक, त्यात सुतळी. डॉरथीला ती शिक्षिकेच्या जुन्या टेबलाच्या खणात सापडली होती. टेकडीखाली पूर्वी गिरणी होती आणि तिथे कॅनडातून आलेली फ्रेंच बोलणारी कुटुंबं कामाला होती. त्यांची मुलं या शाळेत. शाळेत इंग्रजीशिवाय बोलायचं नाही. कुणी फ्रेंच बोलताना सापडलं की चकती त्याच्या गळ्यात. ती उतरवायची एकच युक्ती, आपल्यासारखं दुसरं कुणी बोलताना पकडायचं. मग चकती त्याच्या गळ्यात. म्हणजे शिक्षिकेला पहारा द्यायचं कामच नाही. पोरंच एकमेकांची चोरी पकडणार. शिक्षिका म्हणून सांगते, फार हुशारीची पद्धत आहे. मला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं होतं.

आमच्या कार्यक्रमात याचा एक छोटा प्रवेश असे. टोपीतलं एक कार्ड 'जोसेफीन'चं. त्यावर लिहिलेलं असायचं, मधल्या सुट्टीनंतर फ्रेंचमध्ये नमस्कार म्हण. ते मूल म्हणायचं, मी गरजायची, "ही कोणती भाषा?" आणि चकती गळ्यात. मग सगळी मुलं मुद्दाम बॉन्जूर-बॉन्जूर करायची, चकती या गळ्यातून त्या गळ्यात, हसून हसून लोळायची. शेवटी डॉरथी काठी टेकत पुढे यायची आणि म्हणायची, "जोसेफीन माझी आजी. मला फ्रेंचचा एक शब्द येत नाही." मुलं गप्प व्हायची. मला तर ते वाक्य इतकं आवडलं, की मी डॉरथीला सुचवलं, त्याआधी जरा थांबत जा, जास्त परिणाम होतो. तिने थांबून पाहिलं. खरंच झाला. अशी मी शहाणी.

आता मला माझ्या वाडीत परत जावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्याकडे शिक्षिकेचं मूल शिक्षिकेच्याच वर्गात असलं, तर त्याचे काय हाल होतात ते ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे. पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून पहिली छडी घरच्याला. मेधा पहिलीपासून चौथीपर्यंत माझ्या शाळेत होती. दुसरी शाळाच नव्हती. शाळेत तिने मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी मी अर्धा कापायची. ती तिसरीत असताना एकदा शाळेतला पाण्याचा माठ फुटला. कुणी फोडला विचारलं, कुणी बोलेना. मी छडी घेतली आणि सुरुवात मेधापासून केली. दोन्ही हातांवर. ती रडली नाही, आणि तिची ती हिंमत बघून बाकीचे रडले. मग पुढे कुणाला मारायची गरजच पडली नाही.

गावात काय वाहवा झाली! सरपंच म्हणाले, "बाई पोटच्या पोरीला सोडत नाहीत, तिथं आपल्या पोरांची काय कथा." तेहतीस वर्षांची मी, ते वाक्य चार दिवस पदरात बांधून हिंडले. अहो, हेड क्लार्कला ऐकू जाईल अशा बेताने पंचायत समितीतही सांगितलं. हल्ली त्या बाईची मला आठवण झाली की तिला समोर उभी करून विचारावंसं वाटतं, तुला पक्षपात करायला कुणी बंदी केली होती ग? अकरा मुलांच्या शाळेत एका आईने एका लेकीचा पक्षपात केला असता, तर भारताच्या शिक्षणाचं काय वाटोळं झालं असतं?

२००५च्या जूनमध्ये इराचा वर्ग आमच्या शाळेत यायचा होता.

इरा तेव्हा दहा वर्षांची. मेधा-अभय घरात तिच्याशी इंग्रजीच बोलायचे. दिवसभर ऑफिसातून तेच तोंडात बसलेलं. घरात मराठीचं बिऱ्हाड एकच, इराचं आणि माझं. ती जवळजवळ तीन वर्षं माझ्यापाशी वाढली होती आणि मराठी बोलायची ते अगदी स्वतःचं. "आजी, मला हसू लागलं." "आजी, ही भाजी मला राग देते." दुकानात आमची चैन असे. रांगेतल्या माणसाच्या टोपीबद्दल, बाईच्या कुत्र्याबद्दल, तोंड अगदी सभ्य ठेवून आम्ही वाटेल ते बोलायचो. कुणाला कळायचं नाही. ती आमची कुलूपबंद खोली होती. इतर आज्यांना नातवंडांशी खाणाखुणा करताना पाहिलं की मी मनात फुगायची. त्या देशात माझ्या मालकीचं असं तेवढंच होतं.

आदल्या आठवड्यात मी माझ्या जुन्या इरकलीतून तिला ॲप्रन शिवला. शिवताना ती मांडीला मांडी लावून बसली होती.

"आजी, तिथे मी तुला आजी म्हणू?"

"नाही. तिथे मॅम."

"सगळे हसतील तरी?"

"हसले तर छडी."

"आणि मला काही सीक्रेट सांगायचं असलं तर?"

मी दातांनी दोरा तोडत म्हटलं, "तर हळूच कानात सांग."

आदल्या दिवशी मेधा ऑफिसातून आली, ॲप्रन पाहून हसली, आणि मग भांडी लावता लावता म्हणाली, "आई, उद्या जरा सांभाळून. बाई होऊ नकोस."

"अगं, बाईचंच तर काम आहे तिथे. मग होऊ काय, सरपंच?"

"मला काय म्हणायचंय ते तुला कळतंय."

कळलं होतं. हसण्यावारी नेलं.

सकाळी बस आली. इरा उतरली तीच ताठ, मान वर. तिने मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, की त्या मॅम म्हणजे माझी आजी. गुडघे लववताना तिने मला हळूच डोळा मारला. मी मारला नाही. नखं तपासताना मी तिच्याच बोटांपाशी जास्त थांबले. डाव्या करंगळीच्या नखात माती होती. एरवी मी सोडून देते. तिला हात धुवायला बाहेर पाठवलं. पाठीमागच्या बाकावर त्यांच्या वर्गशिक्षिका बसल्या होत्या, शेजारी डॉरथी. माझ्या लक्षात आलं, की डॉरथी त्यांच्या कानात काही सांगतेय आणि दोघी माझ्याकडे कौतुकाने बघताहेत. नात आहे तिची, तरी बघा. झालं. तेहतीस वर्षांची ती बाई झग्यात शिरून उभी राहिली.

मधली सुट्टी झाली. जोसेफीनचं कार्ड एमिली नावाच्या लाजाळू मुलीला आलं होतं. ती काही बोलेचना. मी तिच्याकडे पाहिलं, तिने पाटीकडे पाहिलं. मी तिच्या बाकाजवळून दोनदा फेरी मारली. ती विसरली होती किंवा घाबरली होती. प्रवेश वाया जाणार, डॉरथीचं वाक्य वाया जाणार, या विचाराने मी अस्वस्थ झाले. आता हसू येतं. नाटक कंपनीच्या मालकालाही नसेल इतकी चिंता.

तेवढ्यात इरा जागेवरून उठून माझ्याजवळ आली. शाळेमागे संडासाची जुनी लाकडी खोली होती. आत अंधार, कोळ्यांची जाळी, आणि दाराला आतून आकडा. मुलं तिथे जोडीने जायची. इरा माझ्या कानाशी आली आणि हळू म्हणाली, "आजी, मला शू लागली. एकटी भीती वाटते. तू चल ना."

मी सरळ झाले आणि छडी टेबलावर आपटली.

"ही कोणती भाषा?"

इंग्रजीत, खणखणीत आवाजात. सगळा वर्ग दचकला, आणि मग त्यांना कळलं की गंमत सुरू झाली. इराला कळलं नाही. ती तशीच माझ्या कानाच्या उंचीवर चवड्यांवर उभी होती. मी खणातून चकती काढली आणि तिच्या गळ्यात घातली. वर्ग हसला. एकाने विचारलं, "व्हॉट डिड शी से?" इराने माझ्याकडे पाहिलं. आता मी ते सगळ्यांना सांगणार, असं तिला वाटलं असावं. मी एवढी दुष्ट नाही, तेवढं सांगितलं नाही. म्हटलं, "नियम माहीत आहे? आणखी कुणी बोलताना सापडलं, तरच ती उतरेल. जा जागेवर."

ती गेली.

एरवी इथे मुलं बॉन्जूर-बॉन्जूर करायला लागतात. त्या दिवशी कुणी केलं नाही. इराचा चेहरा पाहून मुलांना समजलं, जे मला समजलं नाही. जोसेफीनचं फ्रेंच कार्डावर लिहिलेलं असायचं. इराचं मराठी कार्डावर नव्हतं. आणि त्या खोलीत तिच्यासारखं बोलताना सापडेल असं माणूस एकच होतं, ते छडी घेऊन उभं होतं.

अडीच तास ती ते लाकूड घालून बसली. पाढे म्हटले, कित्ता काढला, शेवटी उभं राहून धडा वाचला, एक चूक न करता. संडासाला जायला तिने पुन्हा विचारलं नाही. मी विसरले होते. खरं सांगते, मी पूर्णपणे विसरले होते. प्रवेश चांगला झाला होता. दोन वाजता बस आली, मी चकती काढून घेतली, डॉरथी तिचं वाक्य म्हणाली, मधे थांबून. वर्गशिक्षिका माझा हात धरून म्हणाल्या, इतका जिवंत दिवस आम्ही कधी पाहिला नव्हता.

सगळे गेल्यावर मी बाक पुसायला घेतले. तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या बाकावर ओल होती. पाणी सांडलं असेल म्हणून मी वाकले. पाणी नव्हतं.

मी ते पुसलं. डॉरथीने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, कुणाचा पेला कलंडला." हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

इरा घरी आल्याबरोबर अंघोळीला गेली होती. इरकलीचा ॲप्रन तिने स्वतःच धुलाईच्या मशीनमध्ये घातला होता. दहा वर्षांच्या मुलीने आपणहून मशीन लावलं याचं मेधाला कौतुक वाटलं. जेवताना मी म्हटलं, "इरा, दमलीस का ग?"

"आय ॲम फाइन, आजी. थँक यू."

रुसलीय, दोन दिवसांत येईल, असं मला वाटलं. शंकरपाळे केले. "थँक यू, आजी." दुकानात एका माणसाच्या डोक्यावर अशी टोपी होती, की तिच्यावर तास काढता आला असता. मी हळूच एक वाक्य टाकलं. ती म्हणाली, "आजी, प्लीज. पीपल कॅन हिअर." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी बोललेलं तिला सगळं कळायचं, उत्तर द्यायची, काम ऐकायची, माझा रक्तदाब मोजून द्यायची. सगळं इंग्रजीत, आणि इतकं नम्र, की पाहुण्यांनी तिच्या शिस्तीचं कौतुक करावं. मी माफीही मागितली. मराठीत मागितली. "इट्स ओके," म्हणाली. मग इंग्रजीत मागितली. "इट्स ओके, आजी, रिअली." त्यापुढे जायला दार नव्हतं.

मेधाने महिन्याभराने विचारलं, "ही तुझ्याशी इंग्रजीत काय बोलायला लागली?"

"मोठी होतेय," मी म्हटलं.

पुढे शाळेतून वर्गाच्या फोटोंचा संच आला. एका फोटोत इरा, गळ्यात चकती. मेधाने तो माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?" मी सांगितलं, कार्यक्रमाचा भाग आहे वगैरे. बाकाचं सोडून. आता ओरडेल म्हणून मी तयारीत होते.

"आई," ती म्हणाली, "माठ मी फोडला नव्हता."

तीस वर्षांनी. तोपर्यंत त्या माठाचा आमच्या घरात उच्चारही झाला नव्हता.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"कधीपासून?"

खोटं बोलायचं धैर्यही राहिलं नव्हतं. "त्याच दिवशी संध्याकाळी. पाटलांच्या धाकट्याने कबूल केलं होतं."

"मग?"

गावात मी माझी चूक कबूल केली असती तर सरपंचांचं ते वाक्य परत करावं लागलं असतं, एवढंच होतं त्यात. मेधाने फोटो पाकिटात घातला आणि ती स्वयंपाकाला लागली. त्यानंतर तिने मला कधी काही टोचून बोलून दाखवलं नाही. इराची ही सवय कुठून आली, ते मला तिथे कळलं.

पानगळीचा हंगाम झाल्यावर मी डॉरथीला गुडघ्यांची सबब सांगितली. तिला ती लगेच पटली. शेवटच्या दिवशी झगा, घड्याळ, घंटेचा दोर, सगळं मोजून ताब्यात दिलं आणि चकती तेवढी पिशवीत घालून आणली. चोरली. बासष्टाव्या वर्षी, ऐतिहासिक वस्तू. डॉरथीने फोन करून विचारलं तेव्हा म्हटलं, नेली असेल कुणी मुलाने आठवण म्हणून. "मुलं!" ती म्हणाली. "मुलं," मी म्हटलं. मला वाटलं होतं, निदान तो प्रवेश तरी बंद पडेल. नंतर कळलं, की गावातल्या एका सुताराकडून तिने तशीच नवी करून घेतली. मुलांना फार आवडतो, अजून चालू आहे.

आता २००८ संपत आलं. इरा तेरा वर्षांची आहे, माझ्याहून उंच. मराठी तिला अजून कळतं, पण कमी. परवा मी 'उंबरा' म्हटलं तर तिने मेधाकडे पाहिलं. मी तिला अक्षरं शिकवायला घेतली होती, ती 'ठ'पाशी राहिली. तेव्हा हे ती वाचू शकणार नाही. मेधा वाचेल. ती दर वर्षी मागवलेले दिवाळी अंक वाचते, आधी अनुभव, मग कथा. तिसऱ्या रांगेतल्या बाकाची गोष्ट तिला इथेच कळेल. समोर बसून सांगणं मला याही वेळी जमलं नाही.

गेल्या महिन्यात हे लिहायला बसले तेव्हा चकती पेटीतून काढली. दुपारी घरात कुणी नव्हतं. म्हातारं माणूस काय करेल याचा नेम नाही. मी ती गळ्यात घातली, स्वेटरवर, आणि स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले. चांगली जड आहे. मान आपोआप खाली जाते.

साडेतीनला इरा आली. बॅग टाकली, दुधाचा पेला भरला, वळली, आणि तिला ती दिसली. एका क्षणात ओळखली.

मी म्हटलं, "इरा, मी मराठी बोलताना सापडले ग."

तिने पेला ओट्यावर ठेवला. हसते की काय असं मला वाटलं. ओठ तसे हललेही. मग ती शांतपणे, एखाद्या लहान मुलाला खेळाचा नियम सांगावा तशी म्हणाली, "देन यू हॅव टू कॅच समबडी, आजी."

आणि पेला घेऊन वर गेली.

मी शेंगा संपवल्या. मग तशीच बसून राहिले, कान जिन्याकडे लावून. वर ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, मधेच हसत होती. एखादा शब्द, चुकून, धडपडल्यावर निघालेलं 'आई गं' तरी. सहा वाजता मेधाची गाडी दारात लागली. मी सुतळी मानेवरून काढली. कुणी सापडलं नव्हतं, तेव्हा नियमाप्रमाणे ती काढायला नको होती.